स्वभावदोष आणि चुकीनंतरचे पाऊल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत चालकांनी मला एक संध्याकाळ दिली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी साहित्याचा प्राध्यापक नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो, आणि बदल्यांच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना सामानाबरोबर काही मराठी पुस्तकेही हिंडत राहिली, एवढीच माझी वाङ्मयसेवा. तेव्हा आजचे माझे बोलणे विद्वानाचे विवेचन म्हणून न ऐकता एका वाचकाचे निवेदन म्हणून ऐकावे, अशी प्रार्थना आहे.

विषय आहे 'अभिजात वाङ्मयातील स्वभावदोष आणि नैतिक निवड'. महोत्सवाच्या आनंदात हा विषय थोडा गंभीर वाटेल. पण तो मुद्दाम निवडला आहे. महोत्सव आला की आपण पूर्वसूरींचे स्मरण करतो. ते करावेच, परंतु असे स्मरण करताना आपली लेखणी एका ठराविक वळणाने जाते. जो तो निःस्वार्थी, निष्कलंक आणि अजातशत्रू होऊन बसतो. आपल्या घरातली मुले, जी हिंदी आणि इंग्रजी शाळांत शिकतात आणि मराठी केवळ घरात ऐकतात, ती असा मजकूर वाचून काय समजत असतील? ही माणसे कुठल्या तरी निराळ्या मातीची होती; आपल्याशी त्यांचा संबंध नाही, असेच ना? उलट, ज्या ग्रंथांना आपण अभिजात म्हणतो त्यांत निर्दोष माणूस शोधूनही सापडत नाही. असे का व्हावे, हा आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे दोषांचा विचार षड्रिपूंच्या रूपाने झाला. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू बाहेरून चाल करून येतात आणि बेसावध माणसाचा किल्ला घेतात, अशी ती कल्पना. ग्रीकांची कल्पना थोडी वेगळी होती. अ‍ॅरिस्टॉटलने शोकनाट्याच्या नायकासंबंधी जो शब्द वापरला, 'हामार्शिया', त्याचा मूळ अर्थ धनुर्धराचा नेम चुकणे असा आहे. म्हणजे धनुष्य चांगले, हातही बळकट, पण बाण भलतीकडे गेला. या दोन्ही कल्पनांची गाठ मराठीत एकोणिसाव्या शतकात पडली. गोपाळ गणेश आगरकरांचे 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी दिलेले नाव पाहा : 'विकारविलसित'. डेन्मार्कच्या राजपुत्राची कथा मराठी वाचकाच्या हाती देताना त्यांनी विकारांचे नाव पुढे ठेवले. पुढे १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले, आणि शूर, सरळ, विश्वास ठेवणारा सेनापती केवळ संशयापायी आपल्या निरपराध पत्नीचा घात कसा करतो ते मराठी प्रेक्षकांनी पाहिले. झुंझाररावाचा सरळपणा हा गुणच आहे. तो गुणच खलपुरुषाच्या हातातले हत्यार होतो.

येथे पहिली गोष्ट ध्यानात येते. थोर लेखकांनी दाखवलेला दोष हा बहुधा एखाद्या गुणाचीच बेसावध बाजू असतो.

याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला'. गडकऱ्यांचा अंत १९१९ च्या जानेवारीत सावनेरला झाला. हे गाव नागपूरजवळचे, म्हणजे आपल्या येथून तसे फार दूर नव्हे. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. नाटककाराने आपले नाटक पाहिलेच नाही. या नाटकाला आपण दारूचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक म्हणून ओळखतो. पण सुधाकराचा मूळ दोष दारू हा नाहीच. तो बुद्धिमान आणि स्वाभिमानी वकील आहे. दारिद्र्यातून स्वतःच्या बळावर वर आला आहे. भर कोर्टात त्याचा अपमान होतो, सनद काही महिन्यांपुरती रद्द होते, आणि तो अपमान त्याला सोसवत नाही. त्या तळमळीच्या क्षणी तळीराम प्याला पुढे करतो. ज्या स्वाभिमानाने त्याला वर आणले, तोच येथे त्याला खाली ओढतो.

आता याच नाटकातली आणखी दोन माणसे आपण पाहू. एक भगीरथ. तोही मद्यपी, आर्यमदिरामंडळाच्या बैठकीतलाच. प्रेमभंगाचे दुःख बुडवण्यासाठी तो पिऊ लागला. पण रामलालच्या बोलण्याने तो प्याला खाली ठेवतो आणि पुन्हा उचलीत नाही. दुसरा स्वतः रामलाल. हा नाटकातला विवेकी, उपदेश करणारा सज्जन. त्याने बालविधवा शरदला मुलीसारखे शिकवायला घेतले आणि तिच्याविषयीच आपल्या मनात अभिलाषा उत्पन्न झाल्याचे त्याला आढळले. सज्जनाच्या मनातली ही घाण गडकऱ्यांनी झाकून ठेवली नाही. परंतु रामलाल ती ओळखतो, स्वतःचा धिक्कार करतो, आणि शरद व भगीरथ यांच्या वाटेतून बाजूला होतो.

म्हणजे एकाच नाटकात तीन पुरुष घसरतात. तिघांच्या दोषांत मोठे अंतर नाही. अंतर आहे ते घसरल्यानंतरच्या पावलात. सुधाकरालाही परतण्याची संधी मिळते. तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरी मागायला दारोदार जातो, आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत तेव्हा पुन्हा प्याल्याकडे वळतो. येथे गडकऱ्यांनी समाजालाही सोडलेले नाही. परतणाऱ्याला दार उघडणे हीसुद्धा एक नैतिक निवडच आहे, आणि त्या दारांच्या आतली प्रतिष्ठित माणसे त्या परीक्षेत नापास झाली. पडलेल्याला उठवण्यापेक्षा तो का पडला याची चर्चा आपल्याला अधिक गोड लागते. परप्रांतात आपली वस्ती लहान असते, सर्वांना सर्वांचे ठाऊक असते. म्हणून हा दोष आपल्यासारख्यांनी विशेष जपला पाहिजे.

वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चे (१९७०) नाव येथे सहज आठवते. गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना देऊन मोकळे होतात. हे औदार्य खरेच आहे. पण आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या नटाला घरातही टाळ्या हव्या असतात, हेही तितकेच खरे. हे नाटक पाहून आपण मुलांना दोष देत घरी परततो. जरा थांबून पाहिले तर शिरवाडकरांनी बापाला निर्दोष ठेवलेले नाही, असे दिसते. म्हणून तर त्याचे दुःख आपल्याला आपले वाटते.

आता थोडे मागे, महाभारताकडे जाऊ. त्यासाठी आपल्याला छत्तीसगडबाहेर जायचे कारण नाही. आपण ज्या भूमीत अन्न खातो तेथील खेड्यापाड्यांत पंडवानी हा महाभारतगायनाचा प्रकार जिवंत आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी तो जगभर नेला. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. हातातला तंबोरा कधी भीमाची गदा तर कधी अर्जुनाचे धनुष्य होतो. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा प्रसंग असा रंगतो की अक्षरओळखही नसलेला श्रोता संतापाने उठून बसतो. तो विचारतो, इतके मोठमोठे लोक बसले होते, ते गप्प का राहिले?

हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे. द्यूतसभेतला सर्वांत मोठा दोष दुर्योधनाचा मत्सर किंवा युधिष्ठिराचे व्यसन एवढाच नाही. भीष्म, द्रोण, कृपाचार्य यांचे मौन हा तितकाच मोठा दोष आहे. भीष्मांना द्रौपदी प्रश्न विचारते, आणि ते धर्माची गती सूक्ष्म आहे अशा अर्थाचे उत्तर देतात. आमच्या सरकारी कचेरीत असे उत्तर फार प्रसिद्ध आहे. अडचणीची फाइल समोर आली की वाकबगार अधिकारी 'पाहिले' एवढेच लिहून सही करतो, किंवा 'चर्चा करावी' असा शेरा मारून ती पुढे सरकवतो. कायद्याच्या दृष्टीने त्याने चूक केलेली नसते. व्यासांच्या दृष्टीने मात्र तो त्या सभेत बसलेला असतो.

त्या सभेत कौरवांपैकी एकच जण बोलला, तो दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण. द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याला दटावून गप्प बसवणारा कर्ण होता. ज्या कर्णावर शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) मराठी घराघरांतून प्रेम केले, तोच हा कर्ण. पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला त्याचे जन्मरहस्य सांगतो, तेव्हा दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कठोर शब्द बोललो, त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे कर्ण कबूल करतो. तरीही तो बाजू बदलीत नाही. मित्राचे ऋण फेडण्याचा गुण त्याला अन्यायाच्या बाजूला बांधून ठेवतो. आणि विकर्ण? तोही युद्धात कौरवांच्याच बाजूने उभा राहतो, भीमाच्या हातून मरतो, आणि त्याला मारल्यावर भीम हळहळतो. एकदा खरे बोलून भागत नाही. त्या बोलण्यामागून पाऊल उचलावे लागते, हे व्यासांनी विकर्णाच्या मरणातून सांगितले.

आतापर्यंतच्या विवेचनाचा गोषवारा असा. चूक, पश्चात्ताप आणि चुकीनंतरचे पाऊल या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चूक सुधाकराची झाली, रामलालची झाली. पश्चात्ताप कर्णालाही झाला. अभिजात वाङ्मय माणसाचे मोल तिसऱ्या गोष्टीवरून ठरवते.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही, हे दाखवण्यासाठी मी आपल्याच गावाकडे येतो. पंडित माधवराव सप्रे यांचे नाव रायपुरात कोणाला ठाऊक नाही? त्यांच्या नावाची शाळा येथे आहे. मराठी घरात १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या गृहस्थाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे सहकारी. १९०१ साली त्या मासिकात सप्रे यांनी 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा लिहिली. हिंदीतील पहिल्या लघुकथेचा मान पुष्कळ अभ्यासक तिला देतात.

कथा लहान आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे आहे आणि शेजारी एका अनाथ विधवेची झोपडी आहे. तो वकिलांचे खिसे गरम करून कोर्टातून झोपडीचा ताबा मिळवतो. काही दिवसांनी म्हातारी टोपली घेऊन येते. नात उपाशी आहे, आपल्याच घरची भाकरी हवी म्हणून हटून बसली आहे. चुलीसाठी या झोपडीतली टोपलीभर माती नेऊ द्या, एवढेच ती मागते. माती भरून झाल्यावर ती जमीनदाराला टोपलीला हात लावायची विनंती करते. त्याला ती टोपली उचलत नाही. तेव्हा म्हातारी नम्रपणे विचारते की एका टोपलीचा भार सोसवत नाही, मग या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा सोसाल? जमीनदार वरमतो, क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो. दोष लोभाचा आणि मदाचा. पण कथा दोषापाशी संपत नाही. ती परत करण्यापाशी संपते.

ही कथा लिहिली तेव्हा सप्रे तिशीत होते. स्वतःच्या आयुष्यात काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नसणार. १९०७ साली त्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' सुरू केला. लोकमान्यांचे विचार हिंदी भाषिकांपर्यंत नेणे हा त्याचा हेतू. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. प्रकृती खालावलेली, आणि घरच्यांचा, विशेषतः वडील बंधूंचा विलक्षण आग्रह. काही महिन्यांनी सप्रे माफीपत्रावर सही करून सुटले.

मित्रहो, ज्याचा गुरू मंडालेच्या तुरुंगात आहे अशा शिष्याने माफी मागून घरी यावे, याहून मोठा मानभंग त्या काळी कोणता असेल? निंदा व्हायची ती झाली. त्यांच्यापुढे अनेक वाटा होत्या. घरच्यांना दोष देता आला असता. आपले कसे बरोबर होते ते लिहिता आले असते. किंवा सुधाकरासारखे स्वतःच्या अपमानात बुडून जाता आले असते. सप्रे यांनी यांपैकी काही केले नाही. ते समर्थ रामदासांच्या ग्रंथाकडे वळले, दासबोधाची पारायणे केली, माधुकरी मागून जेवले. पुढली वर्षे त्यांनी मुख्यतः रायपुरात काढली. दासबोध त्यांनी हिंदीत आणला. येथे मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जो हात माफीपत्रावर चालला होता, तोच हात त्यांनी निमूटपणे कामाला लावला.

१९१४ साली टिळक सुटून आले. मंडालेस लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या हिंदी अनुवादाचे काम लोकमान्यांनी माधवराव सप्रे यांच्याकडे सोपवले. गुरूने तुरुंगात लिहिलेला ग्रंथ तुरुंगातून माफी मागून सुटलेल्या शिष्याच्या हाती आला. रामलालने भगीरथाला हात द्यावा तसा लोकमान्यांनी सप्रे यांना दिला. सुधाकराला जे दार बंद आढळले, ते येथे उघडले गेले. त्या ग्रंथाचे दुसरे प्रकरण 'कर्मजिज्ञासा' हे आहे. कर्तव्य कोणते आणि अकर्तव्य कोणते या संकटात माणूस कसा सापडतो, हे सांगताना टिळकांनी महाभारताबरोबर शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' आणि 'कोरिओलेनस' या नाटकांचेही दाखले दिले आहेत. ते प्रकरण हिंदीत उतरवताना सप्रे यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपण करावी. एवढे खरे की तो अनुवाद हिंदी वाचकांच्या पिढ्यांनी वाचला. १९२४ साली देहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचा अंत झाला.

सप्रे यांच्या गौरवपर लेखांत माफीपत्राचा उल्लेख कधी एका वाक्यात उरकलेला असतो, कधी तेवढाही नसतो. लिहिणाऱ्याचा हेतू आदराचाच असतो, हे मी जाणतो. पण माफीपत्र वगळले की दासबोधाची ती पारायणे, ती माधुकरी, ती वर्षानुवर्षांची मूक सेवा यांचा अर्थच हरवतो. मग उरतो एक विद्वान अनुवादक. त्याला आपण हार घालतो आणि विसरतो. माफीपत्रासह सांगितलेले सप्रे मात्र परीक्षेत नापास झालेल्या मुलाला, नोकरीत नामुष्की आलेल्या गृहस्थाला, घरात कठोर बोलून गेलेल्या बापाला उपयोगी पडतात. पडल्यावर कसे उठावे हे ते सांगू शकतात. न पडलेला माणूस ते सांगू शकत नाही.

कोणी म्हणेल, दोष उघड केल्याने मुलांची श्रद्धा ढळेल. ही शंका मी उडवून लावीत नाही. दोष चघळण्यासाठी सांगितला तर श्रद्धा ढळते, हे खरेच आहे. गडकऱ्यांनी रामलालचा दोष असा चघळला नाही. त्यानंतर त्याने काय केले ते लगेच दाखवले. दोष सांगताना त्यापुढचे पाऊलही सांगावे, आणि ते पडलेच नसेल तर तेही दुःखाने सांगावे. व्यासांनी कर्णाबाबत तेच केले, आणि तरी कर्णावरचे आपले प्रेम कमी झाले नाही.

तेव्हा मंडळाच्या चालकांपुढे मी दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, या पन्नास वर्षांत ज्यांनी मंडळ उभे केले त्यांच्याविषयी लिहून घेताना त्यांच्यातले वाद, रुसवे, फसलेले बेत आणि त्यांतून काढलेली वाट हेही नोंदवून घ्यावे. ज्यांना ते ठाऊक आहे अशी वडीलधारी मंडळी आज या सभागृहात बसलेली आहेत. त्यांचे सांगणे ऐकायला उशीर करू नये. दुसरी सूचना अशी की, मंडळाच्या ग्रंथालयात महिन्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी ठेवावी. एक कथा किंवा एक प्रवेश वाचावा आणि एवढाच प्रश्न विचारावा, 'याच्या जागी तू असतास तर पुढे काय केले असतेस?' सुरुवात 'एक टोकरी भर मिट्टी'पासून करता येईल. कथा हिंदी आहे, मुलांना ती सहज कळेल, आणि लिहिणारा आपल्याच घरचा, आपल्याच गावचा होता हे सांगताना आपल्याला जरा आनंदही होईल.